चालण्या-सायकलीच्या फेडरल निधीचे नियम बदलताहेत. तुमच्या गावात काय चाललंय?

अपर्णा_एनजे

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपमध्ये शाळेपासून दुकानांपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला निदान एका बाजूने तरी फूटपाथ व्हावा म्हणून पालक बरीच वर्षं मागे लागले होते. अखेर फेडरल अनुदान मंजूर झाल्याचं जाहीर झालं. लायब्ररीत मोठे नकाशे लावले, मुलांनी आणि आजी-आजोबांनी त्यावर रंगीत टिकल्या चिकटवून कुठे क्रॉसिंग हवं ते दाखवलं. आता कळतंय की मंजुरी होती, पण करारावर सह्या झाल्याच नव्हत्या. मधल्या काळात निकष बदलले आणि काम थांबलं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय वाहतूक खात्याने आधीच्या काळातल्या मंजुऱ्या पुन्हा तपासायला सांगितल्या. त्यात सायकल मार्गांचा नाव घेऊन उल्लेख होता. सप्टेंबरमध्ये काही अनुदानं रद्दच झाली. सॅन डिएगो काउंटीतला एक प्रकल्प, अलाबामातल्या फेअरफील्डमधला एक. कारण काय, तर रस्त्याच्या मार्गिका कमी होतात, म्हणजे प्रकल्प मोटारींना प्रतिकूल आहे!

मला मनापासून वाईट वाटलं आणि रागही आला. पण नुसतं चिडून उपयोग नाही. हा पैसा नेमका कुठून येतो, कोण ठरवतं, आणि आपल्यासारख्या साध्या रहिवाशाला (काही जण नागरिक, काही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत) कुठे बोलता येतं? माहीतगारांनी लिहा. तुमच्या गावचे अनुभवही लिहा.

डबलसीट

वाचतोय. डॅलसजवळ आमच्या सोसायटीबाहेर फूटपाथ आहे, पण तो चारशे पावलांवर एका झुडपात शिरतो आणि संपतो. पलीकडे सहा पदरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे किराणा दुकान. कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढावी लागते.

आकडेमोड

अपर्णाताई, मी एका सल्लागार कंपनीत याच प्रकारच्या प्रकल्पांचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण सरसकट 'फेडरल निधी' म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिला सूत्रानुसार राज्यांना आपोआप जाणारा. दुसरा स्पर्धेचा, म्हणजे गावाने थेट वॉशिंग्टनकडे अर्ज करायचा आणि त्यांनी निवड करायची. तुमचं अनुदान दुसऱ्या प्रकारातलं दिसतंय.

चालण्या-सायकलीसाठी सूत्राचा मुख्य निधी म्हणजे ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्हज. याचं मूळ १९९१ च्या कायद्यात आहे, थोरल्या बुश यांच्या सहीचा. राज्यांना मिळणाऱ्या एका मोठ्या रस्ते निधीतले १० टक्के पायवाटा, सायकल मार्ग, जुनी रेल्वे स्थानकं वगैरेंसाठी बाजूला ठेवायचे, असं त्यात पहिल्यांदा आलं. २००५ च्या कायद्यात 'सेफ रूट्स टू स्कूल' हा शाळेच्या वाटांचा स्वतंत्र कार्यक्रम आला. २०१२ मध्ये हे सगळं एकत्र करून रक्कमही कमी केली. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पुन्हा १० टक्क्यांचा हिस्सा बांधून दिला. त्यामुळे आधी वर्षाला ८५ कोटी डॉलर असायचे, ते २०२२ मध्ये १३८ कोटींच्या आसपास गेले. ऐकायला मोठी रक्कम आहे, पण हायवेच्या एकूण फेडरल निधीत ती तीन टक्क्यांच्या आत बसते.

स्पर्धेच्या प्रकारात 'सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल' येतो, पाच वर्षांत ५०० कोटी. आणि एक कार्यक्रम, ज्याचं नाव दर काही वर्षांनी बदलतं: २००९ मध्ये टायगर, मग बिल्ड, मग रेझ, आणि २०२५ मध्ये परत बिल्ड.

आता तुमच्या प्रश्नाची कळ. निवड जाहीर होणं म्हणजे पैसे मिळणं नव्हे. करार होतो आणि सरकार ती रक्कम त्या कामासाठी कायदेशीररीत्या बांधते, त्याला आम्ही 'ऑब्लिगेट' होणं म्हणतो. तोपर्यंत तो पैसा सरकारच्याच हातात असतो. जुलै २०२५ च्या मोठ्या वित्तीय कायद्याने 'नेबरहुड ॲक्सेस अँड इक्विटी' या ३२० कोटींच्या कार्यक्रमातली न बांधलेली शिल्लक काढून घेतली, ती याच फटीतून. सूत्राच्या निधीला असा हात घालणं फार अवघड, कारण त्याची वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे.

मिनेसोटाची_मावशी

आकडेमोड, उत्तम लिहिलंय. वाचनखूण साठवली.

२००५ च्या कायद्याचा विषय निघाला म्हणून आमच्या जिम ओबरस्टार यांची आठवण करून देते. मिनेसोटाच्या उत्तर भागातून ते कितीतरी वर्षं काँग्रेसवर निवडून जात. स्वतः सायकल चालवायचे. 'सेफ रूट्स' त्यांच्यामुळे आला. त्याच कायद्यात चार ठिकाणांना प्रत्येकी अडीच कोटी डॉलर दिले होते, चालणं आणि सायकल वाढते का हे करून बघायला: मिनीआपोलिस, कॅलिफोर्नियातली मरिन काउंटी, मिसुरीतलं कोलंबिया आणि विस्कॉन्सिनमधली शेबॉयगन काउंटी. आमच्याकडे २०१० मध्ये भाड्याच्या सायकलींची 'नाइस राइड' सुरू झाली, तिला या पैशाचा हातभार होता. मरिनमध्ये रेल्वेचा बंद पडलेला जुना बोगदा सायकली आणि पायी जाणाऱ्यांसाठी उघडला.

हे सांगायचं कारण, तेव्हा हा विषय एका पक्षाचा नव्हता. १९९१ ला रिपब्लिकन अध्यक्ष, २००५ ला रिपब्लिकन अध्यक्ष. २०१० मध्ये ओबामांचे वाहतूकमंत्री रे लाहूड सायकलवाल्यांच्या परिषदेत टेबलावर चढून बोलले, तेसुद्धा रिपब्लिकनच. फूटपाथाला पक्ष चिकटला तो अलीकडे, आणि मला ते फार लागतं.

सडेतोड

मी वेगळं मत मांडतो. राग मानू नये.

पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट फेडरल कर मी भरतो तो रस्त्यांसाठी. माझ्या गावातला फूटपाथ ही वॉशिंग्टनची जबाबदारी कशी? तो माझ्या गावाने प्रॉपर्टी टॅक्समधून करावा. नाहीतर काय होतं बघा: गाव वॉशिंग्टनकडे अर्ज करतं, तिथला कोणी अधिकारी गुण देतो, सरकार बदललं की गुणांचे निकष बदलतात. एका सरकारने हवामान आणि समता यांना गुण दिले. २०२५ च्या जानेवारीत नव्या मंत्र्यांनी आदेश काढला की जिथे विवाह आणि जन्मदर सरासरीपेक्षा जास्त आहेत तिथे प्राधान्य द्या. दोन्ही वेळा शाळेच्या वाटेवरच्या मुलाचा विचार मागेच पडला. पैसा गावातच राहिला असता तर ही वेळ आली नसती.

आकडेमोड

सडेतोड, शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. स्पर्धेचे निकष दर सरकारागणिक फिरतात, आणि गावं त्याप्रमाणे अर्जाची भाषा फिरवत बसतात. मी असे अर्ज लिहिलेत. दोन वर्षांपूर्वी ज्या क्रॉसिंगला 'समतेचा प्रकल्प' म्हणत होतो, त्यालाच आज 'कुटुंबांच्या सुरक्षेचा प्रकल्प' म्हणतो. क्रॉसिंग तेच, रंगही तोच.

पण पेट्रोल कराचं पुरतं खरं नाही. तो १८.४ सेंट दर १९९३ पासून हललेला नाही. त्यामुळे हा कर जिथे जमा होतो तो रस्त्यांचा केंद्रीय निधी, म्हणजे हायवे ट्रस्ट फंड, आटला आणि २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून त्यात भर घालावी लागते. आजवर साधारण २७,५०० कोटी डॉलर घातले. ते पैसे आपल्या सगळ्यांच्या आयकरातले. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याच्याही.

पायवाट

आणि सडेतोड, 'गावातला फूटपाथ' म्हणताय तो रस्ता गावाचा असतोच असं नाही ना! माणसं मरतात ती मुख्यतः गावातून जाणाऱ्या रुंद, वेगाच्या रस्त्यांवर. दोन्ही बाजूंना दुकानं, ताशी ४५ मैलांची पाटी, बसथांबा एका बाजूला आणि घरं दुसऱ्या. त्यातले पुष्कळ रस्ते राज्याचे. नगरपालिकेला तिथे सिग्नलचा खांबही स्वतःहून हलवता येत नाही.

२००९ मध्ये देशात ४,१०० च्या आसपास पादचारी मेले होते. २०२२ मध्ये ७,५०० च्या वर. रस्त्यावर मरणाऱ्या दर सहा माणसांत एक जण पायी चालणारा. एवढं झाल्यावरही हे काम फक्त गावाचं म्हणायचं?

सडेतोड

राज्याच्या रस्त्याचा मुद्दा मान्य. तिथे राज्याने आणि केंद्राने खर्च केला पाहिजे. माझा आक्षेप स्पर्धेच्या अनुदानांना आहे, फूटपाथला नाही. आई दरवर्षी सहा महिने आमच्याकडे असते, मलाही फूटपाथ हवाच आहे.

तळेगावकर

आईचा विषय काढलात म्हणून लिहितो. उन्हाळ्यात आपल्या सगळ्यांकडे आई-बाबा येतात. पहाटे उठून चालायला जाणं ही त्यांची आयुष्याची सवय. माझे बाबा पांढरे बूट घालून, टोपी घालून निघतात आणि घरापुढचा फूटपाथ संपला की लोकांच्या हिरवळीच्या कडेने चालतात. आमच्या कोपऱ्यावर गवतात वीतभर रुंदीची माती उघडी पडली आहे, ती सगळ्या आजी-आजोबांच्या चालण्याने. पाऊस पडला की तिथे चिखल होतो आणि मग हे लोक रस्त्यावर उतरतात, गाड्यांकडे पाठ करून. मी बाबांना सांगतो समोरून गाड्या येतील त्या बाजूने चाला. ते म्हणतात, "अरे, आयुष्यभर गाड्यांकडे पाठ करूनच चाललो."

मी त्या उघड्या मातीचे फोटो काढून नगर नियोजन मंडळाच्या बैठकीत दाखवले. त्यांच्या वाहतूक मोजणीत तिथले पादचारी शून्य होते. आता ती जागा निदान यादीत आली आहे.

कॅम्पातली_राणी

तळेगावकर, फोटोंची कल्पना फार आवडली.

थोडं अवांतर: मी पुण्यात राहते. आमच्याकडेही केंद्राच्या पैशाची गोष्ट अशीच झाली. २००५ च्या अखेरीला जेएनएनयूआरएम ही केंद्राची शहरांसाठीची योजना आली, २००६ मध्ये हडपसर–स्वारगेट–कात्रज बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) झाली आणि तिच्या कडेने सायकल ट्रॅकही. ट्रॅक बांधायला पैसे होते. पुढे त्यांची निगा राखायला, टपऱ्या आणि दुचाक्या बाहेर ठेवायला कोणी नव्हतं. जंगली महाराज रस्त्याचे रुंद फूटपाथ मात्र लोकांनी उचलून धरले, तिथे संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. तुमच्याकडे बांधून झाल्यावर निगा कोण राखतं?

आकडेमोड

निगा पूर्णपणे गावाची किंवा काउंटीची. अर्जातच लिहून द्यावं लागतं. बर्फ कोण काढणार यावरून बैठका रंगतात.

आयोवाची_अनघा

मी छोट्या गावातून लिहितेय, जिथे नगरपालिकेत पूर्णवेळ इंजिनियर नाही. आमच्यासारख्यांसाठी नियमच मोठी भिंत आहेत. फेडरल पैसा साधारण ८० टक्के, उरलेले २० आपण उभे करायचे. तेही ठीक. पण पैसे आधी मिळत नाहीत! गावाने खर्च करायचा, बिलं पाठवायची, मग परतफेड. त्यात पर्यावरणाची तपासणी, ठरावीक मजुरी दर, अमेरिकी पोलादाची अट, जागेचे हक्क. अर्धा मैल फूटपाथला मोठ्या पुलाइतके कागद. आमच्या क्लार्कबाईंनी फाइल बघितली आणि म्हणाल्या, यापेक्षा आपण केक विकून पैसे जमवू.

आकडेमोड

अनघा, हे अगदी खरं आहे, आणि २०२१ च्या कायद्यात यावर थोडे उपाय आहेत, फारसे कोणाला माहीत नसलेले. राज्याला अल्टरनेटिव्हज निधीतले ५ टक्क्यांपर्यंत पैसे छोट्या गावांना अर्जाची आणि तांत्रिक मदत द्यायला वापरता येतात. हायवे सुरक्षा निधीचे पैसे गावाचा २० टक्के वाटा म्हणून दाखवता येतात. न्यू जर्सीसारखी राज्यं टोलच्या श्रेयातून (टोलच्या पैशातून रस्त्यांवर आधी केलेला खर्च हिशेबात धरून) तो वाटा भागवतात, म्हणजे गावाला रोख टाकावी लागत नाही. स्वयंसेवी संस्थांनाही अर्ज करता येतो. तुमच्या राज्याच्या वाहतूक विभागात या निधीचा एक समन्वयक असतो. त्याला फोन करा आणि विचारा की हे उपाय तुम्ही वापरता का. नसतील वापरत तर का नाही, तेही विचारा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी प्रत्येक गावात सांगतो. या निधीतला अर्ध्यापर्यंतचा भाग राज्याला दुसऱ्या रस्तेकामांकडे वळवता येतो. पूर्वी बिनबोभाट वळवायचे. आता अट आहे: अर्ज मागवले होते, गावांना मदत देऊ केली होती आणि तरीही पुरेसे योग्य अर्ज आले नाहीत, असं राज्याने लिहून द्यायचं. म्हणजे तुम्ही अर्ज केला नाहीत तर वळवायला कारण तुम्हीच दिलंत. अर्ज नामंजूर झाला तरी चालेल, पण तो ढिगात असला पाहिजे.

डबलसीट

हे माहीत नव्हतं. झुडपातल्या फूटपाथसाठी अर्ज कोणी करायचा, मी?

आकडेमोड

तुम्ही नाही, तुमचं शहर किंवा शाळा डिस्ट्रिक्ट. तुम्ही त्यांच्या मागे लागायचं.

बेथेस्डाकर

मेरीलँडहून. आमच्या इथल्या रिव्हर रोडवर २०२२ च्या ऑगस्टमध्ये सारा लँगनकॅम्प या अमेरिकी राजनैतिक अधिकारी सायकलवरून जाताना ट्रकखाली गेल्या. युक्रेनमधल्या युद्धातून सुखरूप परतल्या होत्या. मुलांच्या शाळेतून घरी येताना, नुसत्या पट्टा आखलेल्या सायकल मार्गावर त्यांचा जीव गेला. त्यांच्या नावाने काँग्रेसमध्ये विधेयक मांडलं गेलं: तुटक सायकल मार्ग आणि फूटपाथ एकमेकांना जोडायला सुरक्षा निधी वापरता यावा, आणि गावाच्या २० टक्क्यांची अडचण त्यात येऊ नये. दोन्ही पक्षांचे लोक त्यामागे होते.

मी त्या रस्त्याने रोज जातो. पांढरा पट्टा ओलांडून ट्रक सहज आत येतो. दहा इंची सिमेंटचा कठडा असता तर आला नसता. 'मोटारींना प्रतिकूल' हे शब्द वाचले की मला तो पट्टा दिसतो.

पायवाट

बेथेस्डाकर, वाचून पोटात कालवलं.

सुरक्षा निधीवरून आणखी एक. ज्या राज्यात रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंपैकी १५ टक्के किंवा जास्त मृत्यू पादचारी, सायकलस्वार वगैरेंचे आहेत, त्या राज्याला सुरक्षा निधीतले किमान १५ टक्के त्यांच्यासाठीच खर्च करावे लागतात. हेही २०२१ च्या कायद्यातलं, आणि सूत्राच्या पैशातलं. प्रत्येक राज्याने त्यासाठी अहवालही केला आहे, कुठल्या रस्त्यांवर माणसं मरतात त्याचा. आपला रस्ता त्या नकाशावर असेल तर बैठकीत तेच पान उघडून ठेवा. वाद मिटतो.

आणि मार्गिका कमी करण्याविषयी: फेडरल हायवे विभागाच्या स्वतःच्या सिद्ध उपायांच्या यादीत हा उपाय आहे. चार पदरांचे तीन केले की अपघात १९ ते ४७ टक्के घटतात असं तेच सांगतात. फूटपाथ केला तर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांना होणारे अपघात ६५ ते ८९ टक्के घटतात. हे आकडे मी प्रत्येक सरकारी बैठकीत त्यांच्याच नावाने वाचते.

सडेतोड

पायवाट, हे आकडे दमदार आहेत. आमच्या काउंटीच्या कमिशनरना पाठवतो. ते माझ्यासारखेच विचार करणारे आहेत, माझं ऐकतील.

नवाच_आलोय

प्रश्न कदाचित बाळबोध असेल. मी एच-वन-बीवर आहे, मत देता येत नाही. माझ्या बोलण्याला काही अर्थ आहे का?

मिनेसोटाची_मावशी

अर्थ आहे, बाळा! टाउनशिपच्या बैठकीत कोणी पासपोर्ट विचारत नाही. तिथला रहिवासी असलास की बोल. मी व्हिसावर होते तेव्हापासून बोलतेय.

आकडेमोड

मावशींशी सहमत. शिवाय अल्टरनेटिव्हज निधीतला ५९ टक्के भाग लोकसंख्येप्रमाणे वाटला जातो, आणि मोठ्या शहरांच्या वाट्यातून कुठला प्रकल्प घ्यायचा ते राज्य ठरवत नाही, महानगर नियोजन संस्था ठरवते, जिला इकडे एमपीओ म्हणतात. तिच्या बैठका उघड्या असतात आणि बहुतेक वेळा खुर्च्या रिकाम्या. पाच माणसं गेली तरी सभासद दचकून बघतात. उत्तर न्यू जर्सीत ती एनजेटीपीए.

आणि ज्यांना मत आहे त्यांनी हे लक्षात घ्या: २०२१ च्या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ ला संपते. पुढच्या कायद्यात तो १० टक्के हिस्सा राहतो की जातो, वळवण्याची अट राहते की जाते, हे काँग्रेस ठरवणार. रद्द झालेलं एखादं अनुदान आपल्याला दिसतं म्हणून लागतं. तो हिस्सा गेला तर काय गेलं हे दिसणारही नाही, कारण ते फूटपाथ नकाशावरही येणार नाहीत. म्हणून आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहाल तर 'सायकलींना पाठिंबा द्या' असं मोघम लिहू नका. हिश्शाचं आणि अटीचं नाव घेऊन लिहा. आणि शाळेचं नाव घालून लिहा.

एडिसनची_शाल्मली

उशिरा आले. अपर्णाताई, आपल्याच भागातलं उदाहरण देते. मिडलसेक्स ग्रीनवे माहीत असेलच. मेटुचन, एडिसन आणि वूडब्रिजमधून जाणारी साडेतीन मैलांची वाट, जुन्या लीहाय व्हॅली रेल्वेच्या मार्गावर. २०१२ मध्ये उघडली. तिलाही फार वर्षं लागली, मध्ये लोकांनी आशा सोडली होती. आज संध्याकाळी तिथे गेलात तर गुजराती, तेलुगू, मराठी सगळं कानावर पडतं. सासूबाईंचा तिथे चालण्याचा गट आहे, कार्तिकात त्यांनी तिथेच तुळशीच्या लग्नाचं ठरवलं. तुमचा शाळेचा रस्ता या वाटेला कुठे जोडता येतो का बघा. जोडणीच्या प्रकल्पांना एकट्या फूटपाथपेक्षा वजन जास्त.

अपर्णा_एनजे

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं छापून घेऊन मी टाउनशिपच्या इंजिनियरना भेटले. आकडेमोड, तुम्ही म्हणालात तसंच निघालं: अडकलेलं अनुदान स्पर्धेतलं, करार झालेला नाही. पण आराखडा आणि मोजणी तयार आहे, आणि तोच प्रकल्प राज्याच्या पुढच्या अल्टरनेटिव्हज किंवा सेफ रूट्सच्या फेरीत टाकता येईल असं त्यांनीच सांगितलं. टोलच्या श्रेयाचंही त्यांना माहीत होतं. शाल्मली, शाळेमागून ग्रीनवे जवळ नाही, पण काउंटीच्या उद्यानातली वाट जवळ आहे. ती जोडणी आराखड्यात घालायला ते तयार आहेत. टाउनशिप कमिटीचा ठराव लागेल, त्यासाठी पालकांची पत्रं गोळा करतेय.

तळेगावकर, तुमच्या बाबांसारखे आमच्या गल्लीतही बरेच आहेत. त्यांचीही पत्रं घेतेय, मराठीत लिहिली तरी खाली इंग्रजी करून देईन.

तळेगावकर

बाबांना वाचून दाखवलं. विचारताहेत, दुसऱ्या गावच्या माणसाचं पत्र चालेल का?

अपर्णा_एनजे

चालेल काका! "नातवाला शाळेत सोडायला चालत जातो" हे वाक्य मात्र त्यात हवंच. ठरावाचं काय झालं ते इथेच लिहिते.